रोजा : सूट आहे, माफी नाही

रमजान महिन्यातील एखादी संध्याकाळ. इचलकरंजीहून भिवंडीकडे निघालेली कापड व्यापाऱ्याची गाडी पुणे मागे टाकून मावळात शिरते आणि उर्से टोलनाक्याच्या रांगेत उभी राहते. समोर पश्चिमेला सूर्य डोंगरांच्या दिशेने कलू लागलेला असतो. मागे बसलेले शेठजी घड्याळ पाहतात. चौविहाराचे पच्चक्खाण असल्याने सूर्यास्तापूर्वी डबा आटोपायला हवा. पुढे बसलेला वयस्कर चालकही घड्याळ पाहतो. पहाटेपासून त्याने पाण्याचा थेंबही घेतलेला नाही आणि सूर्यास्ताशिवाय तो घेणारही नाही. दोघांचे लक्ष एकाच सूर्याकडे लागलेले असते. ज्या क्षणी एकाचे अन्नपाणी थांबते, त्याच क्षणी दुसऱ्याचे सुरू होते.

अशा वेळी शेठजींच्या ओठांवर एक प्रश्न सहज येतो, “चाचा, तुमच्यात प्रवाशाला रोज्याची सूट असते म्हणतात. मग एवढ्या उन्हात उपाशी कशाला राहता?” आणि रोजेदार चालकाचे उत्तरही बहुधा ठरलेले असते, “सूट आहे, शेठ. माफी नाही. नंतर फेडावं तर लागतंच.”

या उत्तरात रोज्याचे अर्धे धर्मशास्त्र सामावले आहे. व्यापारी कुटुंबात वाढलेल्या माणसाला ते समजण्यास मुळीच अवघड नाही. देणेकऱ्याला मुदत वाढवून देणे वेगळे आणि देणेच माफ करणे वेगळे.

कर्तव्याचे स्वरूप

कलमा, नमाज, जकात, रोजा आणि हज ही इस्लामची पाच मूलभूत कर्तव्ये मानली जातात. रमजानचे रोजे हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ. स. ६२४ मध्ये बंधनकारक झाले. त्यांचा मुख्य आधार कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात, आयत १८३ ते १८७ मध्ये आहे. उपवासाचे हे विधान पूर्वीच्या लोकांसाठीही होते, असे तेथे आरंभीच म्हटले आहे, आणि संयम व ईशभय अंगी यावे हा त्याचा हेतू सांगितला आहे.

प्रौढ, सुबुद्ध आणि शरीराने समर्थ अशा प्रत्येक मुसलमानावर हे कर्तव्य आहे. पहाटेचा पहिला उजेड क्षितिजावर पसरण्यापूर्वी सेहरी संपवायची आणि सूर्य पूर्ण मावळल्यावर इफ्तार करायचा. मधल्या काळात अन्न, पाणी, धूम्रपान आणि दांपत्यसंबंध वर्ज्य असतात. मावळच्या अक्षांशावर हा काळ ऋतूनुसार सुमारे साडेबारा ते साडेचौदा तासांचा होतो. त्याचबरोबर खोटे बोलणे आणि खोटे वागणे ज्याने सोडले नाही, त्याच्या अन्नपाणी सोडण्याची ईश्वराला गरज नाही, असा पैगंबरांचा उपदेश हदीसग्रंथांत नोंदलेला आहे. कषाय न सुटता नुसते लंघन घडले, तर त्याला उपवास म्हणावे का, हा प्रश्न जैन प्रवचनांतूनही वारंवार विचारला जातो.

इस्लामी वर्ष शुद्ध चांद्र, म्हणजे सुमारे ३५४ दिवसांचे असते. त्यात अधिक मास नसल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. पर्युषण मात्र अधिक मासामुळे पावसाळ्यातच राहते. २०१६ साली रमजान जून-जुलैत आला होता. मावळात अशा दिवसांत आभाळ भरलेले असते. कोठूनही चंद्रदर्शनाची खात्रीलायक वार्ता आली नाही, तर महिन्याचे तीस दिवस पूर्ण करायचे, हा नियम अशाच वेळेसाठी आहे.

वेळेच्या बाबतीत तर जैन घरांना काहीच परके वाटू नये. मुंबईचा सूर्यास्त उर्से येथे चालत नाही. उर्से मुंबईच्या पूर्वेस असल्याने तेथे सूर्य सुमारे तीन मिनिटे आधी मावळतो. नवकारशी आणि चौविहारासाठी गावागावाच्या वेळांचे कोष्टक पाहणारे श्रावक आणि सेहरी-इफ्तारचे वेळापत्रक खिशात ठेवणारा चालक एकाच प्रकारची दक्षता पाळत असतात.

आगार आणि रुखसत

पच्चक्खाण घेताना श्रावक आगारांसह ते घेतो. ‘अनाभोग’ म्हणजे विस्मरण आणि ‘सहसाकार’ म्हणजे अकस्मात, इच्छेविना घडलेली गोष्ट. यांमुळे नियमाचा भंग होत नाही. व्रत देणाऱ्या आचार्यांनी माणसाची मर्यादा व्रताच्या शब्दांतच नोंदवून ठेवली आहे.

रोज्यातही हीच दृष्टी आढळते. विसरून खाल्ले किंवा प्यायले, तर रोजा मोडत नाही. आठवण होताच थांबावे आणि रोजा पूर्ण करावा. रस्त्यावरची धूळ किंवा एखादी माशी नकळत घशात गेली, तरी तो कायम राहतो. आजारी आणि प्रवासी यांना कुराणानेच सवलत दिली आहे. तिला ‘रुखसत’ म्हणतात. गर्भवती आणि अंगावर पाजणारी माता यांना स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असल्यास रोजा पुढे ढकलता येतो. मासिक पाळीच्या दिवसांत तर रोजा ठेवायचाच नसतो.

मात्र सुटलेल्या प्रत्येक दिवसाचा हिशेब राहतो. रमजान संपल्यावर तेवढे दिवस मोजून रोजे ठेवायचे, ही ‘कजा’. जो अतिवृद्ध आहे किंवा ज्याचा आजार बरा होण्यासारखा नाही, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचे, हा ‘फिदया’. भारतातील बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी परंपरेचे आहेत, तिच्यात कारणाशिवाय, जाणूनबुजून खाऊनपिऊन मोडलेल्या रोज्याला कजेबरोबर ‘कफ्फारा’ही आहे. सलग साठ दिवस रोजे ठेवायचे आणि ते शक्य नसेल तर साठ गरिबांना भोजन द्यायचे. विसरणाऱ्याला काहीच दंड नाही, अडलेल्याला मुदत आहे आणि बेपर्वा माणसाला मोठी परतफेड आहे. चूक आणि लबाडी यांत फरक करणारी ही खतावणी कोणत्याही प्रामाणिक पेढीला शोभेल.

प्रवासी कोणाला म्हणावे

प्रवाशाच्या सवलतीचीही मोजमापे ठरलेली आहेत. हनफी मताने साधारण ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतर जाण्याच्या उद्देशाने आपल्या वस्तीबाहेर पडलेला माणूस प्रवासी ठरतो. पुण्याहून रोज उर्से येथील कारखान्यात येणारा कामगार या अर्थाने प्रवासी नव्हे. त्याचा रोजा त्याच्यावर बंधनकारकच राहतो. इचलकरंजीहून भिवंडीला निघालेला चालक मात्र प्रवासी आहे. त्यातही बहुतेक शास्त्रकारांच्या मते, पहाट होताना जो घरीच होता आणि ज्याने रोजा धरला, त्याने केवळ दिवसा प्रवासाला निघालो म्हणून त्या दिवसाचा रोजा सोडू नये. प्रवासात कोठे पंधरा दिवस राहण्याचे ठरवले, तर हनफी मताने माणूस तेथील रहिवासी समजला जातो आणि सवलत संपते.

सवलत असूनही ज्याला शक्य आहे त्याने रोजा ठेवणे हनफी परंपरेत अधिक चांगले मानले आहे. म्हणून उर्से टोलनाक्यावरचा तो चालक पाण्याला हात लावत नाही. परंतु तपाचा हट्ट जिवावर बेतू लागला, तर तो धर्म राहत नाही, हेही त्याच परंपरेने स्पष्ट सांगितले आहे. एका प्रवासात रोज्यामुळे व्याकूळ झालेल्या माणसावर लोक सावली धरत असलेले पाहून, अशा स्थितीत प्रवासात रोजा ठेवणे हे पुण्य नव्हे, असे पैगंबर म्हणाल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका प्रवासात रोजेदार थकून पडले आणि रोजा न ठेवलेल्यांनी तंबू उभारले, जनावरांना पाणी दाखवले. त्या दिवशी सारे पुण्य या काम करणाऱ्यांनी नेले, असे ते म्हणाले.

घाटातून अवजड गाडी उतरवणाऱ्या माणसाला आणि त्याच्या मालकालाही या दोन प्रसंगांचा अर्थ समजायला हवा. चालकाचे डोळे जड झाले, हात थरथरू लागले, तर गाडी थांबवणे हाच धर्म होय. त्याने रोजा ठेवावा की सोडावा, हे ठरवणे मालकाचे काम नाही. सेहरीनंतर त्याला थोडी झोप मिळेल आणि सूर्यास्ताला गाडी सुरक्षित जागी उभी राहील, असा प्रवास आखणे मात्र मालकाच्या हाती आहे. आपल्या वर्षीतपाच्या पारण्याची वेळ चुकू नये म्हणून ज्या घरात सगळे धावपळ करतात, त्या घराला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

एकमेकांचे तप जाणून घेण्याचा मार्ग महाराष्ट्रात विनोबांनी घालून दिला आहे. त्यांनी अरबी शिकून ‘कुराणसार’ सिद्ध केले. त्यांच्याच प्रेरणेने भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाणवर्षाच्या सुमारास सर्व जैन पंथांना मान्य असा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ आकाराला आला. एका धर्माचे सार काढताना दुसऱ्याला कमी लेखावे लागत नाही, हे त्यांनी कृतीने दाखवले.

मावळचा हा प्रदेश पूर्वीपासून प्रवाशांचा आणि व्यापाऱ्यांचा आहे. कोकणातून घाटावर येणारी व्यापारी वाट येथूनच जात असे. याच तालुक्यात पाले गावाजवळच्या डोंगरात एक प्राचीन लेणे आहे. अर्हंतांना वंदन करून सुरू होणारा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख तेथे आहे. इंद्ररक्षित नावाच्या भदंताने लेणे आणि ‘पोढी’, म्हणजे पाण्याचे टाके, करविल्याची नोंद त्यात आहे.

रोजेदाराला इफ्तार देणाऱ्यालाही त्याच्या रोज्याइतकेच पुण्य लाभते आणि रोजेदाराचे पुण्य त्यामुळे घटत नाही, अशी इस्लामी श्रद्धा आहे. म्हणून उर्से येथे सूर्य मावळला की शेठजींनी एवढेच करावे. आपला डबा बंद झालेला असतो, आपल्याला आता पाणीही घ्यायचे नसते. तरी पिशवीतली पाण्याची बाटली आणि चार खजूर पुढच्या आसनाकडे द्यावेत, आणि चाचांचा पहिला घोट होईपर्यंत गाडी उभी राहू द्यावी.