थंडीत बाळाला घाम फुटतो तेव्हा

गेल्या हिवाळ्यात हरभऱ्यावरची घाटेअळी बघायला एका वस्तीवर गेलो होतो. गारठा असा, की खिशातून हात काढवेना. बांधाशेजारी एक ताई चार महिन्यांच्या लेकीला पाजत होत्या. पोरगी दोन घोट घ्यायची, धापा टाकायची, परत तोंड लावायची. आणि कपाळावर घामाचे थेंब! आजी म्हणाल्या, "दिठ लागलीया, साहेब. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या तरी उतरंना."

हरभरा बाजूला राहिला. कारण हा घाम मी आधी पाहिला होता, माझ्या मावसबहिणीच्या मुलीला. 'बाळ अशक्त आहे, टॉनिक द्या' यातच वर्षं गेली. बाराव्या वर्षी ओठ, नखं निळी पडली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता भोक बुजवून उपयोग नाही.

उपयोग का नाही, हे शेतकऱ्याला चटकन कळेल. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतःच मोठं भोक असलं, तर शुद्ध रक्त अंगभर जाण्याऐवजी पुन्हा फुप्फुसात शिरतं. पाट फुटून सगळं पाणी एकाच वावरात घुसावं, तसं. भगदाड वेळेत बुजवलं तर वावर सावरतं. वर्षानुवर्षं पाणी साचलं की जमीन चिबड होते, मग पाट लिंपून काय करणार? फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचंही तेच. बारीक भोक मात्र पुष्कळदा आपोआप बुजतं. त्यामुळे नुसतं ऐकून हातपाय गाळू नका.

हजार बाळांमागे साधारण ८ ते १० बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. आईनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे होत नाही, सुनेला बोल लावू नये. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. गरोदरपणातला रुबेला, मधुमेह, नात्यातलं लग्न यांनी धोका वाढतो, एवढं खरं.

पिताना दमणं, घाम, वजन न वाढणं, वारंवार न्यूमोनिया, ओठ निळसर होणं, थोडं मोठं पोर खेळता खेळता उकिडवं बसणं. यातलं काहीही दिसलं तर अंगणवाडी सेविकेला नाहीतर आरोग्य केंद्रात दाखवा. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणीला येतं. दोष सापडला तर पुढचे उपचार, शस्त्रक्रियासुद्धा, मोफत होतात. पण कापूस वेचणीच्या दिवसांत पोरं आईबरोबर रानात असतात आणि पथक रिकामी अंगणवाडी तपासून जातं. सरपंच, पोलीस पाटलांनी आदल्या दिवशी दवंडी दिली तर काय बिघडेल?

त्या लेकीची टू-डी इको झाली, मग ऑपरेशनही. परवा गेलो तर आजी म्हणाल्या, "आता एका दमात पिती, साहेब." हरभऱ्याची फवारणी मात्र त्या गडबडीत आठ दिवस लांबली होती.