फवारणीच्या दाबपंपाची परीक्षा व निगा

आंब्यास मोहोर फुटला, आभाळ दाटून आलें, तुडतुडे दिसूं लागले आणि नेमक्या त्याच सकाळीं पंप दाब धरीनासा झाला, म्हणजे बागाइतदाराची काय तारांबळ उडते हें सांगावयास नको. भुरी व तुडतुडे पंप दुरुस्त होईपर्यंत थांबत नाहींत. नवी मुंबईच्या आसपास तर ही गोष्ट अधिकच जाचते. सन 1970 मध्यें सिडको स्थापन झाली व शहरासाठीं येथील गांवोगांवच्या जमिनी गेल्या. पनवेल व उरण भागांत ज्यांच्या बागा राहिल्या त्यांना वाशीचा बाजार जवळ आहे खरा, परंतु मजूर महाग व दुर्मिळ आहे. पंपावांचून त्यांचें चालत नाहीं.

आमच्याच बागेंत एकदां पंपाचा कांटा वर चढेना. आम्हीं घाईनें पॅकिंगचा सगळा संच बदलला, दिवस घालविला, आणि सायंकाळीं कळलें कीं दोष सक्शनच्या नळीवरील एका चिरलेल्या वायसरांत होता. तेव्हांपासून आम्ही आधीं परीक्षा व मग पाना, असा नियम केला आहे. तीच परीक्षा येथें देत आहों.

मूळ तत्त्व

या पंपांत बहुधा तीन दट्टे असतात. बाजारांत त्यांस प्लंजर म्हणतात. दट्ट्या मागें सरला कीं सक्शनच्या झडपेंतून पाणी आंत येतें व पुढें सरला कीं दुसऱ्या झडपेंतून बाहेर ढकललें जातें. हा पंप स्वतः दाब उत्पन्न करीत नाहीं. तो ठराविक पाणी पुढें ढकलतो. त्या पाण्यास नोझलच्या बारीक भोंकांत व रेग्युलेटरच्या झडपेंत अडथळा होतो, म्हणून दाब चढतो. अर्थात् दाब कमी पडला तर एक तर पाणीच पुरें येत नाहीं, किंवा आलेलें पाणी कोठें तरी सहज निसटतें.

डबा व घड्याळ

टाकींतील औषध काढून साधें पाणी भरावें. गनकडील कॉक बंद करावे, रेग्युलेटर पूर्ण सैल सोडावा व परतीची नळी 20 लिटरच्या डब्यांत धरावी. ज्या पंपाची क्षमता मिनिटास 20 लिटर आहे, त्यानें हा डबा सुमारें एका मिनिटांत भरला पाहिजे. मग रेग्युलेटर हळूहळू आवळून नेहमीच्या दाबावर आणावा व पुनः वेळ मोजावा. पंपाच्या पाटीवर दिलेल्या मर्यादेपलीकडे दाब कधींहि नेऊं नये. या परीक्षेंतून चार गोष्टी निघतात.

पहिली: दाब नसतांनाच डबा उशिरां भरला, तर दोष पंपाच्या मागें आहे. गाळणी चोंदली असेल, सक्शनची नळी आंतून चिकटली असेल, किंवा सांध्यांतून हवा शिरत असेल. परतीच्या पाण्यांत बुडबुडे दिसले कीं हवा नक्की समजावी. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. म्हणून थोडी हवाहि पुष्कळ दाब खाते. टाकी पंपाच्या शक्य तितकी जवळ ठेवावी.

पंपाचे फेरे कमी पडले तरीहि डबा उशिरां भरतो. मोटारीचे फेरे 1440 व तिची पुली 5 इंची असून पंपाची पुली 9 इंची असेल, तर पंपास 800 फेरे मिळतात. पाटीवरील आंकडा याच्याशीं ताडून पाहावा.

दुसरी: दाबाविना डबा वेळेवर भरला, पण दाब देतांच उशीर होऊं लागला, तर झडपा किंवा पॅकिंग झिजलें आहे, नाहीं तर पट्टा ओझ्याखालीं घसरत आहे. एकाच दट्ट्याची झडप निकामी झाली तर नळी ठराविक तालांत उड्या मारते. पॅकिंग गेलें असेल तर दट्ट्याजवळून पाणी वाहतें. दट्ट्यावर ओरखडे असतील तर नवें पॅकिंगहि लवकरच फाटतें. तेथें दट्ट्याहि बदलावा.

तिसरी: पाणी पुरें येतें, पण रेग्युलेटर आवळूनहि कांटा चढत नाहीं, तर रेग्युलेटरच्या झडपेची बैठक झिजली आहे किंवा तींत कचरा अडकला आहे. मात्र आधीं कांटाच बिघडलेला नाहीं ना, हें पाहावें.

चौथी: परीक्षेंत सर्व ठीक, पण गन उघडतांच दाब पडतो, तर पंपास दोष देऊं नये. नोझलचें भोंक मोठें झालें आहे, नळी गळते आहे, किंवा एका पंपावर जास्त गन लावल्या आहेत.

नित्य निगा

झिजेचें मुख्य कारण कचकच होय. बोर्डो मिश्रणाचा चुना व पाण्यांत विरघळणारें नव्हे, तर नुसतें मिसळणारें गंधक, यांचे कण पॅकिंगला सहाणेसारखे घासतात. म्हणून मिश्रण फडक्यांतून गाळून घ्यावें व काम संपतांच स्वच्छ पाणी येईपर्यंत पंप धुवावा. ग्रीसचे कप असतील तर काम चालूं असतां दर दोन तासांनीं एक-दोन वळसे द्यावे. तेलाची पातळी रोज पाहावी. तेल दुधासारखें पांढुरकें दिसलें कीं त्यांत पाणी शिरलें असें समजून ऑइल सील व तेल दोन्हीं बदलावीं. पंप किती तास चालला हें वहींत मांडावें, म्हणजे माहितीपत्रकाप्रमाणें तेल वेळेवर बदलतां येतें. पंप कोरडा मात्र क्षणभरहि चालवूं नये.

जिवाची काळजी

सन 2017 मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. बिघडलेला पंप उघडणाऱ्याच्या हातांसहि तेंच विष लागतें. म्हणून पंप आधीं धुवावा, वीज तोडावी, रेग्युलेटर सैल करून व गन उघडून दाब उतरवावा, हातमोजे घालावे, आणि मगच नट सोडावा. गळती बोटानें चांचपूं नये. दाबाची बारीक धार कातडींतून आंत शिरते. अशी इजा वरून क्षुल्लक दिसली तरी तत्काळ दवाखाना गांठावा व औषधाचें नांव सांगावें. चोंदलेलें नोझल तोंडानें फुंकूं नये, तारेनेंहि कोरूं नये. मऊ ब्रशानें साफ करावें.

खंडेनवमीस आपण अवजारांस हळदकुंकू वाहतों. त्याच दिवशीं पंपाची ही परीक्षा घेतली, तर मोहोरापूर्वीं दुरुस्तीस दोन-अडीच महिने हातीं राहतात. पॅकिंगचा एक संच, झडपांचा एक संच, चार वायसर व एक पट्टा घरीं असूं द्यावा. ढग दाटलेल्या सकाळीं दुकान उघडण्याची वाट पाहत बसण्यापेक्षां तो खर्च केव्हांहि थोडाच होय.