गाण्यात येशूचं नाव आलं, म्हणजे ते भक्तिगीत झालं का?

"हे रॉक गाणं खरं तर ख्रिस्ती प्रार्थना आहे," असं सांगणारं एखादं रील तुम्हीही पाहिलं असेल. पण हे ओळखायचं कसं?

१९६९ मध्ये आलेलं 'स्पिरिट इन द स्काय' घ्या. त्यात येशूचं नाव थेट येतं. लिहिणारा नॉर्मन ग्रीनबाम मात्र ज्यू. टीव्हीवर एका कंट्री गायकाला भक्तिगीत गाताना पाहून त्याला वाटलं, असं गाणं आपणही लिहावं.

याच्या अगदी उलट, 'यूटू' या आयरिश बँडचं '४०'. १९८३ च्या 'वॉर' अल्बममधलं हे शेवटचं गाणं. नावावरून काहीच कळत नाही, पण तो आकडा बायबलमधल्या ४० व्या स्तोत्राचा आहे. शब्दही बरेचसे तिथलेच. अनेक वर्षं कॉन्सर्टचा शेवट याच गाण्याने व्हायचा आणि बँड स्टेजवरून गेल्यावरही लोक ते गात राहायचे.

म्हणजे नुसतं नाव पाहून भागत नाही. शब्द कुठून आले आणि ते लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, हे दोन्ही बघावं लागतं.

एखाद्या गाण्यात तुम्हाला देव भेटला, तर तो अनुभव तुमचा. पण "गायकाला हेच म्हणायचं होतं" असं फॉरवर्ड करण्याआधी एकदा तपासा.