अठरा तास आणि दहा मिनिटे

नॉटिंगहॅमच्या ट्राममध्ये बसलो की आम्ही रोज सकाळी मोबाइल बाहेर काढतो, तो जपानी शब्दांची कार्डे पाहण्यासाठी. ओल्ड मार्केट स्क्वेअरला उतरताना कार्डे बहुधा तशीच राहिलेली असतात. मधल्या वेळात तीन व्हॉट्सॲप समूहांवरचे सुप्रभात संदेश, नागपूरच्या उन्हाची बातमी आणि कुणा अनोळखी माणसाचा गालिचा धुण्याचा व्हिडिओ एवढे सारे पाहून झालेले असते. आपण मुळात काय पाहायला बसलो होतो, तेवढेच आठवत नाही.

हा अनुभव आज कुणालाच नवा नाही. आमच्या बाबतीत मात्र त्यामागे आणखी एक कारण असल्याचे वयाच्या तिशीत कळले. ते कारण म्हणजे एडीएचडी. एडीएचडी म्हणजे लक्षच नसणे नव्हे. लक्ष कुठे, केव्हा आणि किती वेळ लावायचे याचा लगाम हाती न राहणे होय. प्रोग्राममधली अडलेली चूक शोधताना आम्ही जेवण विसरतो आणि दोन ओळींचा अर्ज महिनाभर पडून राहतो. निदान प्रौढपणी झाले तरी लक्षणे वयाच्या बारा वर्षांपूर्वीपासून असावी लागतात. म्हणून तज्ज्ञांनी शाळेची प्रगतिपुस्तके मागितली. भावाने नागपूरहून त्यांचे फोटो पाठवले. चौथीपासून दहावीपर्यंत शेरा एकच होता : ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’

आमच्यासारख्या घरांतल्या मुलांसाठी या शेऱ्याचा अर्थ निराळा होतो. अभियांत्रिकी महाविद्यालयात एखादा वर्गमित्र वही विसरला तर तो विसराळू ठरे. आम्ही विसरलो तर ‘कोट्यातले’ ठरत असू. त्यामुळे आम्ही चुका लपवायला शिकलो. महिन्याचा अभ्यास एका रात्रीत उरकायचा आणि सकाळी काहीच न झाल्यासारखे वर्गात बसायचे. मदत मागणे म्हणजे समोरच्याच्या हाती आयता पुरावा देणे, असे वाटे. निदान झाले त्या दिवशीही मनात पहिला विचार आला तो हाच : हे कुणाला कळले तर?

घरात दुसरी मोजपट्टी होती. ‘बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत’ हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्यापैकी कुणाचे बालपण गेले असेल? या वाक्याने आपल्या पिढ्यांना वस्तीतून विद्यापीठात नेले. त्याचे ऋण आम्ही मानतो. परंतु ज्या मुलाला अठरा मिनिटेही एका जागी बसवत नाही, त्याच्या कानी तेच वाक्य आरोप होऊन पडते. वस्तुतः माणसाच्या अवस्थेचे खापर त्याच्या पूर्वजन्मीच्या कर्मावर फोडणे बाबासाहेबांनी ठामपणे नाकारले. मग मेंदूच्या घडणीचे खापर आपण मुलाच्या आळसावर का फोडावे?

अशा माणसाने जपानी भाषा का शिकावी, असे विहारातील मावशी हसून विचारतात. लहानपणी दीक्षाभूमीवर आम्ही भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई यांना पाहिले होते. त्यांचा जन्म जपानमधला. १९६० च्या दशकात ते भारतात आले आणि नागपूरचेच झाले. आपल्यासाठी ते आपली भाषा बोलू लागले, तर आपण त्यांची चार वाक्ये का शिकू नयेत, एवढाच साधा हेतू होता.

पुढे गंमत वाटू लागली. जपानी लिपीचा तक्ता अ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो. मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी येतात. आपल्या बाराखडीच्या ओळखीचा हा क्रम बौद्ध भिक्षूंनी केलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून तिकडे रुजला. क्रियापद आपल्यासारखेच वाक्याच्या शेवटी येते, आणि ‘ला’, ‘ने’, ‘हून’ यांसारखी अव्यये नामाच्या मागे लागतात. इंग्रजीतून जपानीकडे जाणाऱ्याला उलटी वाटणारी वाट मराठी माणसाला पुष्कळशी सरळ आहे.

तरी नित्य वापराची २,१३६ चित्राक्षरे समोर उभी असतातच. ती पाठ करण्यासाठी आम्ही ‘अंकी’ हा कार्यक्रम वापरतो. जपानीत या शब्दाचा अर्थच पाठांतर. शब्द विसरायच्या बेतात असताना तो पुन्हा समोर आणायचा, हे त्याचे तत्त्व. चार दिवस खंड पडला की कार्डांचा ढीग साचतो, आणि ढीग पाहून आम्ही आणखी चार दिवस तिकडे फिरकत नाही. शेवटी नियम केला : दहा मिनिटे, गजर लावून, गजर वाजला की थांबायचे, ढीग कितीही उरो. रविवारी पुण्यातील मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावतो आणि दोघे एक अक्षरही न बोलता आपापला अभ्यास करतो. समोर कुणी बसले असले की मन जागेवर राहते. ज्या पडद्याने आमचे लक्ष पळवले, तोच असा थोडे परतही देतो.

या दहा मिनिटांतच एक अक्षर भेटले, ‘नेन’. त्याच्या वरच्या भागाचा अर्थ ‘आता’ आणि खालच्या भागाचा ‘हृदय’. वरचा भाग मुळात उच्चार दाखवण्यासाठी आहे, असे जाणकार सांगतात. आम्हाला मात्र ते लक्षात राहिले ते अर्थामुळेच. पालीतील ‘सति’, म्हणजे अष्टांगिक मार्गातील सम्यक स्मृती, पूर्वेकडील बौद्धांनी याच अक्षराने लिहिली. ‘सति’ या शब्दातच स्मरण आहे. मन भरकटले हे स्मरणे आणि त्याला परत आणणे, असा अर्थ आम्ही त्यातून घेतो. मन भरकटूच नये, अशी अट त्यात आम्हाला दिसली नाही.

कामाच्या ठिकाणी आम्ही शेवटी सांगून टाकले. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यानुसार, रोजच्या जगण्यावर मोठा आणि दीर्घकाळ परिणाम होत असेल तर एडीएचडी अपंगत्वाच्या व्याख्येत बसू शकतो आणि वाजवी सोयी मागता येतात. आम्ही लेखी सूचना आणि शांत कोपरा मागितला. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. हा फरक तर आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको.

बाबांना सांगणे अधिक कठीण होते. एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांत तो सुमारे ७० ते ८० टक्के आढळला आहे. बाबांनी एस.टी.त विसरलेल्या छत्र्यांची गणती आमच्या घरात कुणी ठेवलेली नाही. फोनवर सारे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे मास्तरांनी मला उगाच मारलं म्हणायचं.”

ज्या घरी प्रगतिपुस्तकावर तोच शेरा येत असेल, त्या घरांना आमची विनंती आहे. मुलाला अठरा तासांची गोष्ट जरूर सांगा. पण आधी त्याला एकदा डॉक्टरांकडे न्या, आणि त्याच्या दहा मिनिटांनाही अभ्यास म्हणा.

जय भीम.