शरीर विसरत नाही

माझ्या लेकीने हौसेने खोटे झुमके घातले. दोन दिवसांनी कानाच्या पाळ्या लाल होऊन खाजू लागल्या. ‘‘अब्बा, आधी तर काहीच होत नव्हतं!’’ ती म्हणाली. खरेच होते ते. त्वचेच्या डॉक्टरांनी कारण सांगितले, निकेल.

घामामुळे या धातूचे अतिसूक्ष्म कण सुटे होतात, त्वचेत शिरतात आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतात. मग ती आपलीच प्रथिने शरीराला परकी वाटू लागतात. काही पेशींवर जंतू आल्याची वर्दी देणारी जणू घंटाच असते. निकेल थेट तीच वाजवते, हे संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले. या खोट्या हाकेने ‘टी’ पेशी जाग्या होतात. सुरुवातीला त्या निकेलची फक्त ओळख ठेवतात. पुढे कधी ते पुन्हा अंगाला लागले की एक-दोन दिवसांत तिथे जमतात आणि सूज आणतात. या उशिरामुळेच दागिन्यावर चटकन संशय जात नाही.

मलमाने खाज थांबते, पण पेशींची ही आठवण बहुधा जन्मभर पुसली जात नाही. म्हणून ज्यांना त्रास होतो, त्यांनी घड्याळाचा पट्टा, जीनचे बटण, कमरपट्ट्याची पट्टीही तपासावी. लेकीने झुमके काढून ठेवले. श्रोतेहो, निरुपद्रवी पाहुण्याला वैरी समजले, की नासधूस आपल्याच घराची होते!