चाकाच्या खुर्चीची वाट

समुद्रकाठी हॉटेल आहे. एक आजी तिथे उतरायला आल्या. त्यांचे पाय चालत नाहीत. त्या चाकाच्या खुर्चीत बसतात. दारात तीन पायऱ्या! आता आत कसे जायचे? चौघांनी उचलून न्यायचे? माणूस म्हणजे का पोते आहे?

उपाय सोपा आहे. पायऱ्यांशेजारी उतार बांधा. एक फूट चढायला बारा फूट लांबी ठेवा. उतार फार उभा नको; खुर्ची मागे घसरते. दार तीन फूट रुंद हवे. न्हाणीघरात खुर्ची वळायला पाच फूट जागा ठेवा. भिंतीला धरायला दांडा लावा. वाळूत चाक रुतते. तिथे फळ्यांची वाट करा.

हे उपकार नव्हेत. २०१६ च्या कायद्याने अपंगांना हा हक्क दिला आहे. उतार झाला, की आजी आपल्या आपण लाटा पाहायला जातील.