रबौलचे बागायतदार

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या ऑस्ट्रेलियन शिपायांपैकी काहींच्या वाट्याला न्यू गिनीतल्या माडांच्या बागा आल्या. या बागा जर्मनांच्या होत्या. सप्टेंबर 1914 मध्ये बिटा पाकाच्या चकमकीनंतर ऑस्ट्रेलियाने जर्मनांच्या ताब्यातलं रबौल हे तिथलं बंदर घेतलं. पुढे राष्ट्रसंघाने हा मुलूख ऑस्ट्रेलियाच्या कारभाराखाली दिला, जर्मन मालकांना मायदेशी धाडण्यात आलं आणि 1926पासून त्यांच्या बागांचे लिलाव झाले. परतलेल्या शिपायांना त्यात अग्रक्रम होता, पैसे हप्त्याने फेडायचे होते. जर्मनांच्या आधी ती जमीन तिथल्या गावकऱ्यांची होती, हे मात्र या व्यवहारात कुणी विचारात घेतलं नाही.

बागेतलं काम कोकणी वाचकाला सांगायला नको. नारळ वेचायचे, फोडायचे, वाट्या उन्हात किंवा धुरावर वाळवायच्या, पोत्यांत भरून बंदरावर पाठवायच्या. हे सगळं करायचे ते करारावर आणलेले मजूर, महिन्याला पाच-सहा शिलिंगांवर. जानेवारी 1929 मध्ये सुमसुमा या बोटीवरच्या स्थानिक कप्तानाच्या पुढाकाराने रबौलच्या सुमारे तीन हजार कामगारांनी एका रात्रीत काम सोडलं. सरकारने पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं. मालकांचंही फार बरं चाललं होतं असं नाही. मंदीत खोबऱ्याचा भाव कोसळला आणि बागा बर्न्स फिलिप, कार्पेंटर अशा पेढ्यांकडे गहाण पडल्या. एकेकाळचा शिपाई आता कर्जात बुडालेला बागायतदार होता. 1937 मध्ये ज्वालामुखीने रबौल राखेखाली गाडलं. तरीही बहुतेक जण तिथेच राहिले.

डिसेंबर 1941 मध्ये जपान दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर गोऱ्या बायका-मुलांना हलवण्यात आलं. चिनी कुटुंबांना जागा मिळाली नाही. गोऱ्या पुरुषांनी मात्र थांबायचं होतं. प्रशासनाचा भार तेव्हा हॅरल्ड पेज यांच्यावर होता. तेही पहिल्या युद्धातले शिपाई, आणि माजी पंतप्रधान अर्ल पेज यांचे भाऊ. पुरुषांनाही हलवू द्या, असं त्यांनी कॅनबेराला कळवलं. परवानगी आली नाही. 'हर्स्टाइन' हे नॉर्वेचं जहाज बंदरात उभं होतं, पण त्यात माणसांऐवजी खोबरं भरलं जात होतं. 20 जानेवारी 1942 ला बॉम्ब पडले आणि ते जहाज खोबऱ्यासकट जळालं. या सगळ्या हकिगतीत मला सर्वांत संताप आणणारी गोष्ट हीच आहे. माणसं न्यायला जहाज होतं, त्यांना नेण्याची विनंतीही झाली होती, आणि तरीही खोबऱ्याला आधी जागा मिळाली.

तीन दिवसांनी रबौल पडलं. जंगलात पळालेल्या सैनिकांपैकी सुमारे 160 जणांना टोल इथल्या माडांच्या बागेत बांधून मारण्यात आलं. एप्रिलमध्ये जपानी विमानाने कैद्यांची पत्रं पोर्ट मोर्स्बीवर टाकली. बहुतेक घरांना मिळालेला तो शेवटचा मजकूर.

22 जूनला 'माँटेव्हिडिओ मारू' हे जहाज सैनिक आणि नागरिक असे सुमारे 1,060 कैदी घेऊन हैनानकडे निघालं. आत कैदी आहेत हे दाखवणारी कोणतीही खूण त्यावर नव्हती. 1 जुलैच्या पहाटे लुझॉनजवळ 'स्टर्जन' या अमेरिकी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते बुडालं. एकही कैदी वाचला नाही. मृतांत 979 ऑस्ट्रेलियन होते, व्हिएतनाम युद्धात गेलेल्यांच्या जवळपास दुप्पट. पेजही त्यातच गेले. दोन युद्धांच्या मधली वर्षं ज्यांनी रबौलमध्ये काढली, असे कित्येक बागायतदार आणि व्यापारीही.

त्यांच्या बायकांना हे कळलं 1945च्या अखेरीस. तीन वर्षं त्या पत्रं लिहीत होत्या, सरकारी कचेऱ्यांना विचारत होत्या. जहाजाचा सांगाडा सापडला तो एप्रिल 2023 मध्ये, चार हजार मीटरहून अधिक खोलीवर. जहाज अमेरिकेने बुडवलं, कैद जपानने केलं, हे खरंच. पण या माणसांना रबौलमध्ये अडकवून ठेवलं ते त्यांच्याच सरकारने, आणि त्या दोषाचा वाटा त्याला घ्यावाच लागेल.

या कथेत आपलीही माणसं आहेत. सिंगापूर पडल्यावर जपान्यांनी हजारो भारतीय युद्धकैदी मजुरीसाठी न्यू गिनी आणि रबौल ज्या बेटावर आहे त्या न्यू ब्रिटनकडे नेले. रबौलजवळच्या बिटा पाका युद्धस्मशानात भारतीय सैनिकांच्याही कबरी आहेत. आपल्या घरातला कुणी सिंगापूरहून परतला नसेल, तर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. एकदा त्यात आपल्या माणसाचं नाव शोधून पाहा.